रत्नागिरीतल्या भिंतीवरची ‘शिडी’

हनीफभाईंचा फोन आला तेव्हा मी कोल्हापुरात शाळेच्या मैदानावर खो-खोच्या पाट्या आखून घेत होते. हनीफभाई म्हणजे तीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढून गावी परतलेले खलाशी. आमच्या मुलींच्या साहस शिबिरात ते एकदा गाठी शिकवायला आले होते, तेव्हापासूनची ओळख.

“बाई, आमच्या गावच्या बागेत प्रस्तरारोहणाची भिंत आहे. आठ मार्ग आहेत. तुम्ही या, एकेक चढून बघा आणि कुठला सोपा, कुठला अवघड ते लिहून द्या. रविवारी फलक लावायचाय. तुम्ही लिहिलंत म्हणजे लोक मानतील.”

मी “येते” म्हणून बसले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की चार वर्षांत मी कंबरेला दोर बांधलेला नाही.

चार वर्षांपूर्वी एका सुळक्यावर चढताना हातातला दगड निखळला आणि मी खालच्या कट्ट्यावर आदळले. उजवी टाच मोडली. हाड जुळलं, शाळा सुरू झाली, मैदानावर पळूही लागले. कातळ तेवढा सुटला. बावन्न वर्षांचं वय, त्यात घरच्यांचं “आता पुरे”. मीही ते मान्य केल्यासारखं केलं होतं. तरी त्या संध्याकाळी माळ्यावरून चढाईचे बूट काढून झटकले आणि तीन दिवसांची रजा टाकली.

गुरुवार

रत्नागिरीहून उत्तरेला आरे-वारेचा रस्ता धरला की डावीकडे समुद्र आणि उजवीकडे जांभ्याचा तांबडा सडा. त्याच रस्त्याने थोडं पुढे हे गाव. बागेच्या जागी पूर्वी खडीची खाण होती. वरचा तांबडा जांभा संपून खाली काळा कातळ लागतो, तो लोकांनी वर्षानुवर्षं फोडून नेला. मागे उरली चार मजली उंचीची उभी भिंत. गावाने खाणीचा खड्डा भरला, हिरवळ लावली, झोपाळे टांगले, अबोली लावली. मुंबईच्या काही गिर्यारोहकांनी भिंतीत न गंजणाऱ्या पोलादाचे बोल्ट ठोकून दिले. संध्याकाळी एका बाजूला आजोबा लोक बाकांवर बसतात, तर दुसरीकडे कोणीतरी कातळाला पालीसारखं चिकटलेलं असतं. अशी बाग मी आधी पाहिली नव्हती.

मी पोचले तेव्हाही वर कोणी लटकलेलं होतं. दोराला टांगलेली एक बाई कोयतीने फटीतलं नेचं खरवडून काढत होती. ओढणी कंबरेला करकचून बांधलेली, डोक्यावर पिवळं हेल्मेट.

“ती सुगंधा,” हनीफभाई म्हणाले. “बागेची माळीण. पावसानंतर भिंत तीच साफ करते. तिच्याइतकी ही भिंत कोणाला माहीत नाही.”

सुगंधा खाली उतरली तेव्हा माझ्या खांद्याला लागत होती. पस्तिशीची असेल. घर आतल्या गावातलं, भातशेतीचं. नवरा मुंबईत दुकानात कामाला, गणपतीला आणि शिमग्याला येणारा. भिंत साफ करायला म्हणून दोरावर चढली आणि चढाईच शिकली. खाली उभं राहून चढणाऱ्याचा दोर सांभाळण्याचं कामही तिच्याकडेच. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“तुमी बऱ्याच उंच हायसा, बाई,” म्हणाली. मला वाटलं कौतुक करते आहे.

पहिला मार्ग ‘पायरी’. दोर वरच्या कडीतून ओवून खाली सोडलेला, त्यामुळे निसटलं तरी जागच्या जागी लोंबकळायचं, एवढंच. हातांना आठवत होतं सगळं. पायांना मात्र नाही. प्रत्येक पाऊल टाकताना उजवी टाच ‘खरंच का?’ असं विचारायची. तरी वर पोचले. वरून माडांच्या शेंड्यांपलीकडे समुद्र दिसला आणि मी उगाचच मोठ्याने हसले.

दुसऱ्या मार्गावर निम्म्यात असताना डाव्या पायाखालून काहीतरी सुटलं. खाली पाहिलं तर माझ्या बुटाचा तळ हिरवळीवर पडलेला. चार वर्षं माळ्यावर पडून गोंद वाळला होता. नुसत्या बोटांवर कशीबशी उतरले. बाकांवरचे आजोबा मनापासून हसले, मलाही हसावंच लागलं.

हनीफभाईंनी बूट घरी नेला. संध्याकाळी परत दिला तेव्हा तळ चिकटवून वर कडेने दाभणाने शिवलेला होता. “शिडाचा दोरा आहे,” ते म्हणाले. “बूट फाटेल, टाका नाही उसवणार.”

शुक्रवार

भिंतीचं तोंड पश्चिमेला. त्यामुळे अकरापर्यंत सावली असते, त्यानंतर कातळ तव्यासारखा तापतो. सकाळी सहालाच सुरुवात केली.

मार्गाची अवघडता ठरवायची म्हणजे काय, हे मला बरेच जण विचारतात. उंचीवर ती ठरत नाही. सगळ्यात कठीण जी एक जागा असते, तिथे हाताला काय मिळतं, पायाला काय मिळतं, किती वेळ तसंच लटकावं लागतं आणि चुकलं तर काय होतं, यावर ठरते. ‘फणस’ नावाचा मार्ग सरळ उभा आहे, पण कातळ इतका खरबरीत की पाय कुठेही चिकटतो. त्याला मी ‘मध्यम’ लिहिलं. ‘खेकडा’ उंचीने ठेंगणा, पण सगळा आडवा. वीस पावलं डावीकडे सरकायचं, तेही टाचा हवेत ठेवून. माझे दंड थरथरायला लागले. ‘अवघड’. शेवटच्या, आठव्या मार्गावर मी पाच वेळा पडले आणि सहाव्यांदा हात उघडेचनात. कागदावर लिहिलं, ‘अति अवघड, मला पूर्ण करता आला नाही’. हनीफभाईंनी वाचून मान हलवली. “हे बरं केलंत,” म्हणाले.

पाचवा मार्ग भिंतीच्या बरोबर मध्यावर. नाव ‘शिडी’. एकावर एक, सारख्या अंतरावर बसलेल्या खाचा, म्हणून शिडी. बोल्ट ठोकणाऱ्या मुंबईच्या पोरांनी त्याला ‘सोपा, नवख्यांसाठी’ असं म्हटलं होतं. गावच्या उद्यान समितीच्या अध्यक्षांनी त्यावरच भर दिला होता. फलकाचा फ्लेक्स छापूनही आला होता, मध्ये शिडीचा मोठा फोटो. रविवारी शाळांची मुलं आणि गावच्या बायका यायच्या होत्या, आणि त्यांना याच मार्गावर चढवायचं ठरलं होतं.

मी वरून दोर लावून चढले. भिंतीच्या साधारण एक तृतीयांश उंचीवर एक अरुंद कट्टा आहे, त्यावर पाय ठेवून उभं राहता येतं. त्याच्या वर एका जागी हात जरा ताणावा लागला. बाकी सरसर गेले. खाली येऊन म्हटलं, “सोपा आणि मध्यमच्या मधला.”

सुगंधा दोर गुंडाळत होती. ती थांबली.

“नाय बाई. कट्ट्याच्या वर एक दगड होता, हातात धरायचा. या पावसात तो निसटला. मी अध्यक्षांना सांगितलं, कोणी ऐकलं नाय. तुमचा हात पोचला कारण तुमी उंच हायसा. माज्या मापानं बगा.”

मला जरा राग आला. मग वाटलं, मला बोलावलं आहे ते बघायलाच ना? मी म्हटलं, “दाखव तुझं माप.”

ती दोर बांधून कट्ट्याच्या वर दोन खाचा चढली, टाचा उंचावून हात वर केला आणि खडूच्या भुकटीने बोटभर रेघ ओढली. वरची खाच तिथून चांगली वीतभर लांब होती. मी पुन्हा चढले आणि ठरवलं की रेघेच्या वर हात न्यायचा नाही. जमलं नाही. तीन वेळा प्रयत्न केला, तिन्ही वेळा निसटून दोरावर झुलले. शाळेतल्या सहावीच्या मुली डोळ्यांसमोर आल्या. त्यांच्यातली एकही त्या खाचेपर्यंत पोचली नसती.

“माझं चुकलं,” मी म्हटलं. सुगंधाने दोर पुन्हा गुंडाळायला घेतला. तिला ते महिनाभरापासून माहीत होतं.

दुपारी एकटीच आरे-वारेच्या पुळणीवर जाऊन बसले. ओहोटी होती. एकामागून एक पर्यटक खिंडीच्या वळणावर गाड्या थांबवत होते, फोटो काढत होते आणि निघून जात होते. माझ्या डोक्यात दुसराच हिशेब चालला होता. वरून दोर असेल तर निसटणारा नुसता झुलतो. पण पुष्कळ जण शिडी ‘सोपी’ म्हणून खालून दोर सोबत नेत चढणार, वाटेतल्या एकेका बोल्टमध्ये तो अडकवत. तो दगड असताना त्याला धरून पुढच्या बोल्टमध्ये दोर अडकवता येत असे. आता तिथे उभं राहून बोल्ट गाठता येत नाही. एक टप्पा तसाच वर जावं लागणार, आणि तिथून निसटलं तर खाली कट्टा.

कट्ट्यावर आदळणं मला माहीत होतं.

शनिवार

सकाळी मी दोर कंबरेला बांधला आणि म्हटलं, आज खालून. सुगंधा दोर सांभाळायला उभी राहिली. तिने माझी गाठ तपासली, मी तिची. पहिला बोल्ट, दुसरा बोल्ट, कट्टा. कट्ट्याच्या वर दोन खाचा चढले. शेवटचा अडकवलेला बोल्ट आता माझ्या गुडघ्यांशी होता. हात वर ताणला. पोचत होता. पण उजवी टाच कातळावर टेकली आणि पाय शिवणयंत्राच्या सुईसारखा थडथडायला लागला. चार वर्षांपूर्वीचा तो आवाज, दगड सुटतानाचा कोरडा ‘टक्’, अगदी कानाशी ऐकू आला.

“बाई, मी धरलंय,” खालून सुगंधा म्हणाली.

तिने धरलं होतं. मला ठाऊक होतं. तरी मी एक खाच खाली आले, मग दुसरी, मग कट्ट्यावर बसले आणि म्हटलं, “उतरव.”

जमिनीवर आल्यावर मी दोराची गाठ सोडली. मला स्वतःचीच लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा जास्त चीड.

दुपारी जेवायला हनीफभाईंच्या घरी. जुबेदाभाभींनी नारळाच्या रसातला सुरमईचा सालन, तांदळाच्या भाकऱ्या आणि गोडाला सांदणं केली होती. आमच्याकडे पाहुण्याला तांबड्या रश्श्याने घाम फोडल्याशिवाय यजमानाचं समाधान होत नाही. इथे तिखट असतं, पण नारळामागून हळूच येतं. दुसऱ्या भाकरीला “पुरे” म्हटलं तर भाभी म्हणाल्या, “चढणारं माणूस अर्ध्या पोटी? हे काय बरं दिसतंय?” आणि तिसरी वाढली.

मी हनीफभाईंना विचारलं, “जहाजावर तुम्हाला कधी भीती वाटली?”

“रोज,” ते म्हणाले. “जहाजाच्या धुराड्याला रंग द्यायला फळीवर बसवून सोडायचे. खाली समुद्र. मी देवाचं नाव घ्यायचो आणि मग गाठ बघायचो. नुसतं नाव घेऊन कधी खाली उतरलो नाही.” मग हात धुता धुता म्हणाले, “बाई, तुम्हाला कळायला पाहिजे ना, पडलं तर कट्ट्यावर लागतं का? तर माणूस कशाला पाडायचा? वाळूचं पोतं पाडू.”

हे मला सुचायला हवं होतं. चार वाजता आम्ही माझ्या वजनाचं वाळूचं पोतं कट्ट्याच्या वर, मी जिथे अडले होते तिथे, दुसऱ्या दोराने टांगलं. पोत्याला बांधून बोल्टमधून ओवलेला मुख्य दोर सुगंधाच्या हातात. बाकांवरचे सगळे आजोबा उठून बघायला आले. हनीफभाईंनी टांगलेला दोर कापला.

पोतं सुटलं. झटक्याने सुगंधा दोन हात हवेत उचलली गेली आणि पोतं धप्पकन कट्ट्यावर आदळून फुटलं. सगळी वाळू आमच्या डोक्यांवर.

केसांतली वाळू झाडत सुगंधा म्हणाली, “मी हलकी. म्हणून दोर जास्त खाली गेला. मला बांधा.”

तिच्या मागे उंडीचं जुनं झाड होतं. हनीफभाईंनी तिच्या पट्ट्याला दोर घालून तो झाडाच्या बुंध्याला ताणून बांधला. दुसरं पोतं टांगलं, कापलं. या वेळी सुगंधा जागची हलली नाही, आणि पोतं कट्ट्याच्या वर हातभर उंचीवर झुलत थांबलं.

फलकावर काय लिहायचं ते आता ठरलं होतं. त्यासाठी मला चढायची गरज उरली नव्हती. पण मी म्हटलं, “सुगंधा, उद्या सहाला ये.”

“साडेपाचला येतंय,” ती म्हणाली.

रविवार

सुगंधा झाडाला बांधून घेऊन उभी होती. हनीफभाईंनी दोन्ही गाठी दोनदा पाहिल्या. पहिला बोल्ट, दुसरा, कट्टा. पुन्हा दोन खाचा. पुन्हा तीच थडथड. या वेळी मी टाच थोडी खाली दाबली, तीन वेळा श्वास सोडला आणि हात वर टाकला. बोटं खाचेत बसली. डाव्या हाताने दोर उचलून बोल्टकडे नेला, आणि तेवढ्यात उजवी बोटं घसरली.

मी पडले.

पडण्याचा काळ इतका छोटा असतो की ओरडायलाही मिळत नाही. कंबरेला हिसका बसला. डोळे उघडले तर पावलं कट्ट्याच्या वर हातभर लोंबत होती. अगदी पोत्यासारखी.

“लागलं काय?” सुगंधाने विचारलं.

मी टाच हलवून पाहिली. “नाही.”

“मंग परत चढा.”

तिचा आवाज माझ्या शाळेतल्या आवाजासारखा होता. मी परत चढले. खाच पकडली, बोटं अर्ध्या पेरापर्यंत आत खुपसली, दोर अडकवला. बोल्टच्या कडीचा ‘खट्’ असा आवाज झाला. त्यानंतरचा वरचा भाग मला जवळजवळ आठवतच नाही. वरच्या कडीला हात लावून मी तिथेच कपाळ कातळाला टेकवलं आणि रडले. चार वर्षांचं साचलेलं होतं ते. मग डोळे पुसून उतरले.

दहा वाजता अध्यक्ष आले. माणूस उत्साही, बागेसाठी खरोखर झटलेला. मागून फ्लेक्सची गुंडाळी घेतलेले दोघे, आणि फाटकाशी मुलं आणि बायका जमू लागलेल्या. मी कागद पुढे केला. शिडीसमोर लिहिलं होतं, ‘अवघड. वरून दोर लावूनच चढावे. कट्ट्याच्या वर आणखी एक बोल्ट हवा.’

अध्यक्षांचा चेहरा उतरला. “अहो मॅडम, फलक छापून झाला. आणि तुम्ही स्वतः आज सकाळी चढलात असं ऐकलं. पन्नाशीच्या बाई चढतात म्हणजे सोपाच की!”

“एकदा पडून चढले. काल तर चढलेच नाही.”

“पण फोटो शिडीचा आहे हो. लोक त्याच्यासाठी आलेत.”

सुगंधा इतका वेळ मागे उभी होती. ती पुढे आली, हेल्मेट घातलं आणि वरून सोडलेला दोर बांधायला लागली. “अध्यक्ष, तुमी बगा. मंग काय लिवायचं ते लिवा.”

या वेळी दोर माझ्या हातात होता. ती कट्ट्याच्या वर दोन खाचा चढली, हात वर केला. सगळ्यांना दिसलं, हात आणि खाच यांच्यात वीतभर कातळ कोरा होता. तिने उडी मारून पाहिली. निसटली, झुलली, परत त्याच खाचांवर आली. गर्दीतल्या एका बाईने “आगो बाय!” म्हणून तोंडावर हात ठेवला.

मला वाटलं, झालं, दाखवून झालं, आता उतरेल. पण ती डावीकडे बघत होती. तिकडे करंगळीएवढी एक फट होती. तिने त्यात बोटं घातली, डावा पाय जवळजवळ छातीपर्यंत उचलून एका कंगोऱ्यावर ठेवला आणि अंग त्यावर तोलायला लागली. बागेतले झोपाळेसुद्धा थांबले होते. “सावकाश, सुगंधा, सावकाश,” एवढंच मी म्हणत राहिले. ती त्या एका पायावर इंच इंच उभी राहिली, उजवा हात सरपटत वर गेला आणि खाचेत बसला.

पाऊस संपल्यापासून तिला ती जागा एकदाही जमली नव्हती. हे मला नंतर हनीफभाईंनी सांगितलं.

ती वर पोचली तेव्हा टाळ्या पडल्या. अध्यक्षांनीही वाजवल्या, जरा उशिरा, पण जोरात. ती उतरेपर्यंत त्यांनी फ्लेक्सची गुंडाळी पुन्हा बांधायला सांगितली होती. “पुढच्या आठवड्यात नवा करू,” ते म्हणाले. “पण मग आज या सगळ्यांनी चढायचं कुठे?”

“पायरीवर,” सुगंधा आणि मी एकदमच बोललो.

कागदाच्या तळाशी ‘श्रेणी ठरवणारे’ असं लिहून मी सही केली आणि कागद तिच्यापुढे सरकवला. ती आधी नको म्हणाली. मग हातांची पांढरी भुकटी कुर्त्याला पुसून तिने सावकाश, सुटी सुटी अक्षरं काढत नाव लिहिलं. पुढे रकाना होता ‘हुद्दा’.

“लिही, प्रशिक्षक,” हनीफभाई म्हणाले.

तिने क्षणभर विचार केला. “नाय. माळीणच लिवतंय. गवत काडायला वर गेले नसते तर दगड निसटलाय हे कोणाला कळलं असतं?”

तिने ‘माळीण’ लिहिलं, पेन माझ्या हातात दिलं, दोर खांद्यावर घेतला आणि फाटकाशी उभ्या असलेल्या बायकांकडे वळली.

“चला गो, पयली कोण?”